मधल्या स्पीकरचं तोंड उंबऱ्याकडे राहील

मी सिद्धाप्पा बिराप्पा मेटकरी, वय एकाहत्तर, पूर्वीचा धंदा लाऊडस्पीकर भाड्याने देणे, राहणार जुळे सोलापूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी चहा पाजून फितवलेलंही नाही. यापूर्वीचं मृत्युपत्र नाही, कारण यापूर्वी मरायची आठवण झाली नव्हती.

कलम १. राहतं घर माझ्या कमाईचं आहे. मंगळवेढ्याकडची वाटणी मी मेंढरांसकट भावाला सोडली आणि एक अँप्लिफायर व दोन भोंगे घेऊन सोलापुरात आलो. हे घर माझी पत्नी मायाक्का हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहील. तिच्यानंतर मुलगा दिग्विजय आणि मुलगी प्रियंका यांनी निम्मं निम्मं घ्यावं. ती असेपर्यंत घर विकू नये, आणि बैठकीच्या खोलीतली भिंत पाडू नये की नवी घालू नये. दिग्विजयने मला मोबाईलवर नकाशा दाखवला आहे. त्यात स्वयंपाकघराचं दार बुजवून तिथे मोठा टीव्ही आणि खाली लांबलचक साउंडबार आहे. नकाशा देखणा आहे. तो त्याने मोबाईलमध्येच ठेवावा. कारण कलम ५ मध्ये.

कलम २. बँकेत जे असेल ते मायाक्काचं.

कलम ३. सोल्डरची इस्त्री, मीटर, दोन माइक आणि पहिला अँप्लिफायर माझा मित्र मल्लेश दासरी, सात रस्त्याजवळचा रिपेअरवाला, याला द्यावा. मोठी पक्कड मुळात त्याचीच आहे, ती परत केली असं समजावं. याच मल्लेशने एका लग्नात भर मांडवात ‘सिद्धाप्पाचा माइक शिट्ट्या मारतो’ असं म्हटलं होतं. ते खरं होतं, म्हणून राग जास्त टिकला. तो राग मी इथेच सोडतो.

कलम ४. माळ्यावरचे चार भोंगे मोडीत घालावेत. कोणत्याही मंडळाला देऊ नयेत, कोणी कितीही गोड बोललं तरी. कारण कलम ६ मध्ये.

कलम ५. मधला स्पीकर. दिग्विजयने २०२१ मध्ये घरात पाच स्पीकरचा संच आणला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहितो: कडेचे चार स्पीकर गाणं, पाऊस, मोटारी असला गलका करतात, आणि माणसांचं बोलणं मधल्या एका स्पीकरमधून येतं. आमच्या धनगरी ओवीत मुख्य गाणारा मधे उभा राहतो आणि बाकीचे दोन्हीकडून ओढतात, तसंच हे. पहिल्यांदा तो लावला तेव्हा भिंतीतून माणूस बोलतोय असं वाटून मी हात जोडायचे तेवढे राहिले. जन्मभर आवाज विकला, पण आवाजाला अशी जागा असते हे तेव्हा कळलं.

पण आमची बैठक अशी की जिथे टीव्ही हवा तिथे बाहेरचं दार. कोपऱ्यात खांब दीड फूट पुढे आलेला. देवघर हलवायचं नाही, हे मायाक्काचं सांगणं. मग टीव्ही दार आणि खांब यांच्यामध्ये कोंबला. स्पीकर खाली ठेवला तर बोलणं गुडघ्यातून यायचं, वरच्या फळीवर ठेवला तर माळ्यावरून कोणी ओरडतंय असं वाटायचं. चार महिने मी टेप घेऊन फिरलो. सगळी मापं कोचाच्या मधल्या जागेपासून घेतली, म्हणजे माझ्या जागेपासून.

शेवटी मल्लेशला बोलावलं. तो खोलीभर फिरला आणि म्हणाला, “ऐकायला कोण बसतंय?”

“मी बसतो की.”

“तू चाळीस वरसं लोकाला ऐकवलास, तुला आता काय ऐकायचं हाय? वैनी कुटं बसत्यात ते सांग.”

मायाक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर डाळ निवडत बसली होती. दिग्विजयच्या जन्मापासून घर कुठलंही असो, ती उंबऱ्यावरच बसते. मल्लेशने स्पीकर वरच्या फळीवर खांबाच्या पुढे सरकवला, तोंड उंबऱ्याकडे वळवलं आणि मागून पाचर मारून तोंड खाली झुकवलं. मधला आवाज थोडा वाढवला. मालिका चालू होती. कोणी सून भिंतीकडे तोंड करून काही सांगत होती.

मायाक्का म्हणाली, “खोटं बोलतीया.”

मग तिचे हात ताटातच थांबले. ती म्हणाली, “आवो, तिचं तोंड दिसंना, तरी मला कळलं की!”

मी विचारलं, म्हणजे काय? तर म्हणाली, “पाठ केली की मला कुणाचंच कळत न्हाय. लई वरसं झाली.”

ही बाई सगळ्यांचे ओठ बघून घर चालवत होती. उंबऱ्यावर बसायची, कारण तिथून कोचावरच्या प्रत्येकाच्या तोंडावर खिडकीचा उजेड पडलेला दिसतो. प्रियंकाचं लग्न तिने ठरवलं, पाहुण्यांत कोण थाप मारतोय ते तिने ओळखलं, दुकानदारांशी हुज्जत घातली, आणि आवाजाचा धंदा करणाऱ्या मला पत्ता नाही. जत्रांतून लाख लाख माणूस पाहिलं, पण असं अचाट काम मी दुसरं पाहिलेलं नाही.

कलम ६. मी विचारलं, कधीपासून? तिने सांगितलं, १९८८, करमाळ्याची जत्रा, दिग्विजय पोटात होता. ती सावलीला म्हणून माझ्या भोंग्याखाली बसली होती आणि मी न बघता बटण दाबलं. डावा कान तेव्हाच गेला, उजवा पुढे हळूहळू. “सांगितलं का न्हाईस?” म्हटलं. तर म्हणाली, “तुमचा धंदा व्हता की.” कानाचं मशीन आणून दिलं, पण भांडी डोक्यात वाजतात म्हणून ती ते डब्यात ठेवते.

कलम ७. म्हणून माझ्या पश्चात तो स्पीकर, ती फळी आणि मागची बाभळीची पाचर यांना कोणी हात लावू नये. पुसायचं असेल तर पुढून पुसावं. मायाक्काला आग्रह करून कोचावर बसवू नये. तिथून कोणाची तोंडं दिसत नाहीत. वकील म्हणाले, पाचरीची अट कोर्टात टिकणार नाही. घरात टिकली तरी पुरे.

कलम ८. हे मृत्युपत्र प्रियंकाने खिडकीचा पडदा उघडून, उंबऱ्याकडे तोंड करून, सावकाश वाचावं. ओरडू नये. पुढचं वाक्य आलं की कागद तोंडासमोरून खाली घ्यावा: ‘मायाक्का, तुझा कान माझ्यामुळे गेला, आणि तेहतीस वर्षांत मी तुला एकदाही विचारलं नाही. मला माफ कर.’ हे मला जिवंतपणी बोलता आलेलं नाही.

दुरुस्ती. वरील मजकूर मी आज दुपारी दोन्ही साक्षीदारांना बैठकीत हळू आवाजात वाचून दाखवला. मायाक्काला कळू नये म्हणून टीव्ही मोठ्याने लावला होता. सवयीने मी खिडकीकडे तोंड करून बसलो. ती उंबऱ्यावर शेंगा सोलत होती. वाचून संपल्यावर ती म्हणाली, “पाचर बाभळीची न्हाय, लिंबाची हाय. मीच जळणातनं काढून दिलती.” तरी कलम ७ मध्ये ‘बाभळीची’ ऐवजी ‘लिंबाची’ असं वाचावं.

ती आणखी म्हणाली, “शेवटचं तेवढं परत वाचा. तितं तुमी रडला. रडताना व्हट थरथरत्यात, मग कळत न्हाय.”

ते वाक्य मी उंबऱ्यासमोर बसून, तोंड पुसून, तिला पुन्हा वाचून दाखवलं. “व्हय,” म्हणाली, आणि शेंगांची पाटी माझ्याकडे सरकवली. त्यामुळे कलम ८ ची आता गरज उरलेली नाही. तरी ते खोडत नाही.

ठिकाण: सोलापूर
तारीख: ९ फेब्रुवारी २०२५

लिहून देणार: सिद्धाप्पा बिराप्पा मेटकरी (सही)

आमच्यासमोर वाचलं, आमच्यासमोर दुरुस्त झालं, आमच्यासमोर सही केली:
१. सिद्रामप्पा गुरुसिद्ध हत्तुरे, शेजारी (सही)
२. महादेवी सिद्रामप्पा हत्तुरे, शेजारीण (सही)