बाळ्याच्या खुर्चीतलं अस्वल

दि. ४ मार्च

चि. बाळ्यास,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि तू तिच्या टपावर बसून डबा खाल्लास, हे आईला वाचून दाखवलं नाही. तिला सांगितलं, हवेशीर जागी जेवतो. इकडे सगळे खुशाल. आईचा गुडघा कुरकुर करतो, पण आईइतकी नाही.

बातमी अशी की बाबांनी जेवणाच्या टेबलाशी तुझ्या खुर्चीत अस्वल बसवलं आहे.

घाबरू नकोस, कापडाचं आहे. सोफे-खुर्च्या मढवायची कामं बाबांनी कमी केल्यापासून कारखान्यात उरलेल्या कापडाची ते लहान मुलांसाठी अस्वलं करतात, हे तुला लिहिलंच होतं. छंद म्हणायचा आणि काम मात्र असं करायचं की जणू न्यायाधीशांची खुर्ची मढवताहेत. डोक्याचं माप वेगळं, नाकाचं वेगळं, हात-पाय फिरावेत म्हणून सांध्यात लाकडी चकत्या. आणि डोळे सगळ्यात शेवटी. ज्या मुलाला अस्वल द्यायचं त्याला समोर स्टुलावर बसवतात, त्याच्याकडे बघत बघत डोळे शिवतात. मग ते अस्वल जन्मभर त्याच मुलाकडे बघतं, असं त्यांचं म्हणणं. खोटं नाही रे, मी तपासलंय.

पण हे अस्वल लहान मुलाचं नाही. चांगलं तुझ्या उंचीचं आहे. रिकामी खुर्ची बघवत नाही, एवढंच बाबा बोलले. मी म्हटलं, जो बसायचा त्यालाच बोलवा की. त्यावर ते म्हणाले की ज्याला मखमलीची लव कुठल्या दिशेला असते ते कळत नाही, त्याला मी कशाला बोलवू.

म्हणजे गाडी अजून तिथेच आहे. वरच्या मजल्यावरच्या वकिलांच्या सोफ्यापाशी. लव वरून खाली यायला हवी होती, तू आडवी कापलीस. तू म्हणालास, वकील जेवल्यावर आडवे होतात म्हणून लवही आडवी. बाबा म्हणाले, पुन्हा माझ्या कात्रीला हात लावू नकोस. तू कात्री ठेवलीस ती ठेवलीसच, आणि दुसऱ्या गावी जाऊन लिफ्ट दुरुस्त करायला लागलास. मधल्या मध्ये मी दोघांचं टपालखातं झाले. वकील त्या सोफ्यावर मजेत घोरतात.

अस्वलाला अजून डोळे नाहीत. समोर बसवायला माणूस नाही ना. आईला बसवून पाहिलं, तर ते उपाशी असल्यासारखं दिसायला लागलं. उसवून टाकले.

जेवणाची आबाळ करू नकोस. माया आहेच, तिला वेगळं पत्र लागत नाही.

तुझी,
ताई

दि. १३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसू आलं, मग राग आला, मग पुन्हा हसू आलं नाही. मी जिवंत आहे. पत्ता तुमच्याकडे आहे. हे असताना माझ्या जागी भुसा भरलेलं जनावर बसवायचं म्हणजे काय? मी काय वाघ मारायला गेलो होतो?

मला काही फरक पडत नाही. इथे माझं उत्तम चाललंय. दिवसभर वर-खाली करतो, लोक सोबतीला असतात, दोन-तीन मजले गप्पा होतात आणि मग उतरून जातात. संध्याकाळी खोलीवर आलो की शांतता असते. मला शांतता आवडते, हे आईला सांग.

फक्त चूक होऊ नये म्हणून लिहितो: माझा डावा खांदा उजव्यापेक्षा थोडा खाली आहे, अवजारांच्या पिशवीमुळे. दोन्ही सारखे केले असतील तर ते साफ चूक आहे. कान बाबांनी मोठे केले असणार, त्यांना ते नेहमीच मोठे वाटायचे. सोबत कागदावर खांद्याचं आणि कानाचं माप काढून पाठवलं आहे. ते मी दिलं असं सांगू नकोस. सापडलं म्हण.

भाचे कंपनीला पापे. तुझ्या रागावण्यासकट तू मला हवीच आहेस.

तुझा धाकटा,
बाळ्या

दि. ९ एप्रिल

चि. बाळ्यास,
अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा. माप दिलंस ते दिलंस, पण त्या मापात कान कापून लहान का केलास? बाबांनी कागद बघितला, खांदा उसवून खाली घेतला. कान मात्र होते तेवढेच ठेवले.

आता जे लिहिते ते बसून वाच. लिफ्टच्या टपावर नको.

गेल्या आठवड्यात इमारतीची सभा झाली. बाबांना पाठीत उसण भरली होती, म्हणून त्यांनी घरातर्फे अस्वलाला पाठवलं. मीच उचलून नेलं, खोटं कशाला बोलू. सभेत नेहमीसारखी जुंपली. सगळे एकमेकांवर ओरडत होते, ते एकटं शांत बसलं होतं. शेवटी वकिलांनीच सुचवलं की चिटणीस असा असावा. एकमतानं निवडून आलं. आता लोक येतात, त्याच्या समोर बसून तक्रार सांगतात. ते काहीच बोलत नाही, मग यांनाच आपलं बोलणं ऐकू येतं आणि ओशाळून उठून जातात. जिन्यातला दिवा लागला, पंप दुरुस्त झाला. तू इथे असताना त्या दिव्यासाठी किती भांडला होतास, आठवतं?

बाबा त्याला न्हाव्याकडे घेऊन गेले. न्हाव्यानं मानेवरचं नीट केलं आणि म्हणाला, पोरगा वडिलांच्या वळणावर गेलाय. आई त्याला आणखी घे म्हणून आग्रह करते, आणि तो काहीच टाकत नाही म्हणून खूश होते, कारण त्याचं ताट आपले बाबा संपवतात. संध्याकाळी बाबा त्याला लव कशी ओळखायची ते शिकवतात. त्याला सगळं पटतं.

इथपर्यंत मीही हसत होते. पण परवा बाबांनी कारखान्याची चावी दोरीत ओवून त्याच्या गळ्यात घातली. म्हणाले, आता हा बघेल. मी हसले. ते हसले नाहीत.

बाळ्या, मला भीती वाटायला लागली आहे. सुरुवातीला वाटलं, तुझी आठवण सोसवत नाही म्हणून हे चाललंय. आता वाटतं, त्यांचं याच्यावरच भागतंय. पूर्वी फाटकाचा आवाज झाला की ते मान वळवायचे. हल्ली समोर बसलेल्याशी बोलत असतात. हे असंच रुळलं तर तू आलास काय आणि न आलास काय, सारखंच होईल. म्हणून हात जोडते, काहीतरी कर. मला आता भाऊ पोतं झालेला चालणार नाही.

रागावले तरी तुझीच,
ताई

दि. १६ एप्रिल

अस्वलास,

तुला काय लिहावं कळेना. चिरंजीव लिहावं तर तू माझ्या खुर्चीत, म्हणजे माझ्याच वयाचा. तीर्थरूप लिहावं इतका अजून मी खचलो नाही. तेव्हा नुसता नमस्कार.

चिटणीस झाल्याबद्दल अभिनंदन. त्या दिव्याचं काम मी निम्मं केलं होतं, पण असू दे.

तुझं बरं चाललंय असं ताईच्या पत्रावरून कळलं. गप्प बसलं की बाबांशी पटतं, हे मला कुणी आधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी जमलं नसतं. आता त्या जागी आहेसच, तर काही गोष्टी लक्षात ठेव. खुर्चीचा मागचा पाय लुळा आहे, रेलू नकोस. बाबांनी चष्मा हरवला की तो त्यांच्या कपाळावर असतो, पण तसं तोंडावर सांगायचं नाही, आरसा पुसायला द्यायचा. त्यांना ठसका लागला तर पाठीवर थापटलेलं आवडत नाही, पाणी सरकवायचं. तुला हात आहेत, पण तू हे करणार नाहीस. मला याचाच फार राग येतो.

ती चावी मला कधी दिली नव्हती त्यांनी. एकदा मागितली होती.

तेव्हा मी ठरवलंय, बरोबरी करायची. तुला फुकटात बाप मिळाला आहे, तो फार गोड. मी तुला खरा बाप पाठवतो. रोज कामावरून आल्यावर बाबांच्या रूपाचं अस्वल शिवत होतो, ते झालं. सांध्यात लिफ्टच्या दाराच्या चकत्या घातल्या आहेत, कुरकुरतात, पण ते तर हुबेहूबच झालं. बाबांच्या पद्धतीनं डोळे शेवटी बसवले. समोर स्टुलावर कुणी नव्हतं. खोलीचं दार होतं, त्यामुळे तो दाराकडे बघतो. त्याला इलाज नाही.

पार्सल आलं की त्याच्या समोर बस. बघू तुझं किती जमतं.

लोभाचं तूच ठरव.

खुर्चीचा मूळ मालक

दि. २९ एप्रिल

चि. बाळ्यास,
आशीर्वाद. घाईत लिहिते आहे.

पार्सल पोचलं. खोकं उघडलं आणि आईनं पदर सावरला. इतकं दिसतं रे ते बाबांसारखं! वकील जिन्यात भेटले तर त्याला नमस्कार करून गेले.

पण बाळ्या, लव उलटी? अंगभर खालून वर? तुला खरंच अजून कळत नाही, की मुद्दाम? सगळी लव ताठ उभी, जणू आत्ताच कुणीतरी बिल न देता सोफा नेला आहे.

दोघांना समोरासमोर बसवलं. ते बोलत नाहीत. आई म्हणाली, चला, सगळं मूळपदावर आलं. मी इतकी हसले की मला जेवता येईना.

बाबा हसले नाहीत. आधी ब्रश घेतला, मग ओला पंचा, मग इस्त्री. ते वरून खाली दाबतात, लव पुन्हा उभी राहते. चार दिवस हेच. चिटणिसांकडे बघत नाहीत, सभेला पाठवायलाही विसरले. लोक ताटकळून परत गेले आणि पंप पुन्हा बंद पडला. काल तुझं ते पार्सल काखोटीला मारून कारखान्यात गेले आणि आतून कडी घातली. मी दाराशी उभी राहिले. कात्रीचा आवाज आला नाही. कसलाच आला नाही. बाहेर आले ते सरळ वर वकिलांकडे गेले.

आज मला पोस्टाचं पाकीट मागितलं. पत्ताही विचारला नाही, पाठ आहे म्हणाले. त्यात काय असेल मला ठाऊक नाही. जे असेल ते सोसून घे, एवढं माझ्यासाठी कर.

काळजीनं अर्धी झालेली,
ताई

दि. २९ एप्रिल

चि. बाळ्यास,
आशीर्वाद.

हे पत्र नाही. तुझ्या कामाबद्दल तक्रार आहे.

डाव्या बगलेत भरण कमी. बोट आत जातं. कान एका उंचीवर नाहीत. तुझी आई म्हणते, माझेही नाहीत. टेप लावून बघितलं, नाहीत. टाके बरे आहेत. बरे म्हणजे चालतील असे.

लव खालून वर. लहानपणापासून सांगत आलो. पाण्यानं बसवली, वाफेनं बसवली, बसली नाही. काल कारखान्यात उसवायलाच घेतलं होतं. कात्री हातात होती. चिडून पाठीवरून उलटा हात फिरवला, खालून वर. सगळी लव बसली. इतकं मऊ लागलं की कात्री बाजूला ठेवली आणि बराच वेळ हात फिरवत बसलो. या माणसाला उलटा हात फिरवला की तो मऊ होतो, हे तुला कधी कळलं? मला कुणी सांगितलं नव्हतं.

नंतर वकिलांकडे गेलो. त्यांच्या सोफ्यावर आडवा झालो, पाय खिडकीकडे. अंग घसरत नाही. तुझं बरोबर होतं असं मी लिहिणार नाही. वकील साक्षीला होते, त्यांना विचार.

तुझं अस्वल मी खुर्चीतून उठवलं आहे. शहाणं आहे, सगळ्याला हो म्हणतं. त्याचा कंटाळा आला. चिटणिसाचं काम ते खालच्या पायरीवर बसून करील. चावी त्याच्या गळ्यातून काढली, तुझ्या ताटाखाली ठेवली आहे. खुर्चीचा मागचा पाय पक्का केला.

त्याला डोळे बसवायचे राहिलेत. तुझ्या आईला बसवून पाहिलं, वकिलांना बसवलं, आरसा ठेवून मी स्वतः बसलो. जमत नाही. ज्याचं अस्वल तोच समोर लागतो. तेव्हा रजा काढ.

तू पाठवलेला म्हातारा माझ्या शेजारीच बसवला आहे. काम कच्चं आहे, पण एक गोष्ट साधली आहेस, ती कबूल करतो. दिवसभर दाराकडे बघत असतो. तेवढं अगदी माझ्यासारखं झालंय.

येतोस ना,
बाबा