हटनिकबाईंच्या भिंतीतली वायर

प्रिय कॅझ,

नऊ वर्षांनी माझं अक्षर बघून तू पाकीट आधी उजेडात धरून बघशील. घाबरू नकोस, वकिलाचं नाही. अक्षर वाकडं आलंय, कारण उजव्या हाताची दोन बोटं अजून मिटत नाहीत.

इकडे बफेलोत अजून बर्फ आहे. तुझा भाऊ स्टॅन गुडघ्यांनी बेजार झालाय, पण शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये तळलेली मासळी खायला येतो आणि माझ्यापासून दोन टेबलं लांब बसतो. मी जुन्या घरांच्या तोडफोडीचं काम सोडलेलं नाही. मोठी विजेची आरी आता डाव्या हातानं पेलते, उजवा फक्त आधाराला. नवीन पोरांना तेच सांगते जे तुला सांगायचे: "अरे, आरी आहे ती, नांगर नव्हे. रेटू नकोस. पुढची पट्टी भिंतीला घट्ट टेकव, पातं आपलं आपण खातं." तू म्हणायचास, "जेनी, संसारातही जरा कमी रेटत जा."

हटनिकबाई जानेवारीत गेल्या. त्यांच्या भाच्यानं फोन केला. "आमच्या मावशीचं स्वयंपाकघर तुम्हीच अर्धवट सोडलं होतं ना? आता पूर्ण तोडून द्या." मी नाहीच म्हणणार होते, तरी हो म्हटलं. खरं सांगते, कामासाठी नाही. मला तुझ्याविरुद्ध पुरावा हवा होता.

नऊ वर्षांपूर्वी त्या सकाळी आपण गाडीत एक शब्द बोललो नव्हतो. तुला सगळं विकून दुसऱ्या गावी, ईरीला, जायचं होतं, मला नाही. तळघरातून वर येऊन तू म्हणालास, "मेन स्विच पाडलाय." आपल्या आरीची वायर शेजाऱ्यांकडून ओढून घेतली होती. मी खिळ्यांसकट लाकूड कापणारं पातं चढवलं आणि भिंतीत घातलं. जुनं प्लास्टर, त्यामागच्या लाकडी पट्ट्या, आणि मग निळा जाळ. पडल्या पडल्या मी काय ऐकलं असेल, तर तुझे बूट तळघराच्या जिन्यावर. माझ्याकडे नाही, खाली धावलास तू! हॉस्पिटलात म्हणालास, "बघायला गेलो होतो. स्विच बंदच होता, शपथ." मला वाटलं, बघायला कसला, पाडायला गेला असणार. आणि संध्याकाळी परत आलास तेव्हा सूर एकदम मऊ. "माझंच चुकलं असेल, जेनी." सकाळी ठाम आणि संध्याकाळी मऊ, म्हणजे खोटं उघडं पडायची भीती, असं मी धरून चालले. विसरला की मुद्दाम, एवढंच ठरवायचं राहिलं होतं. ते नऊ वर्षं ठरवत बसले. आणि वर गावभर सांगितलं, की तुझ्यामुळे मला शॉक बसला. तुला इथं कुणी काम देईना आणि तू एकटाच ईरीला गेलास.

तर परवा मी त्या भिंतीवर तेव्हा ठोकलेला प्लायवूड काढला. आत आपला काप तसाच होता, कडा काळ्या पडलेल्या. कापलेली वायर हातात धरली आणि पहिल्यांदा टॉर्च मारून बघितली. ती खालून आलेलीच नव्हती, कॅझ. ती वरून उतरत होती. वरच्या बिऱ्हाडाच्या धुण्याच्या मशीनसाठी तळघरात नेलेली. म्हणजे तू खालचा मेन दहादा पाडला असतास तरी ती जिवंतच राहिली असती.

तरी माझा संशय जाईना. म्हटलं, एवढा जुना कारागीर, एकावर एक दोन बिऱ्हाडांचं घर, याला वरचं वेगळं विजेचं पॅनेल सुचू नये? वर गेले. ते बिऱ्हाड तेव्हाही रिकामं होतं, आताही आहे. मागच्या खोलीच्या कपाटात, कोटांच्या दांडीमागे पॅनेल सापडलं. मेन पाडलेला होता. त्यावर रंगकामाची चिकटपट्टी, आणि पट्टीवर तुझं ते मुंग्यांसारखं अक्षर: "११ मार्च, दुपारी तीन. बंद केला. चालू करू नये. कॅझिमिर." मला शॉक बसला त्याच दिवशी सकाळी साडेनऊला.

मी तिथंच कपाटात खाली बसले. कारण गाडीतून उतरताना आपण एक वाक्य बोललो होतो, आणि ते मी कुणालाच, स्टॅनलासुद्धा, कधी सांगितलं नव्हतं. मीच म्हटलं होतं, "खालचं तू बघ, वरचं मी बघते." मी वर गेलेच नव्हते. रागात होते. आधी लहान भोक पाडून आत बघायचं, हेही त्या दिवशी केलं नव्हतं, आणि ते तर मी सगळ्यांना शिकवते. तुला दुपारी तीनला सगळं कळलं होतं. संध्याकाळी तू माझ्या उशाशी बसलास, बँडेज केलेल्या हाताकडे बघितलंस आणि चूक स्वतःवर घेतलीस.

या शुक्रवारी हॉलमध्ये मी स्टॅनच्या टेबलावर जाऊन बसले आणि सगळ्यांदेखत सांगितलं. त्यानं काटा कोबीत खुपसला. मग म्हणाला, "हे मला कशाला सांगतेस? त्याला लिही. पत्ता देतो." म्हणून हे पत्र. माफी मागायला पत्र पुरत नाही, ती मी ईरीला येऊन मागेन, तू ये म्हणालास तर. पण त्याआधी एक विचारायचंय, आणि मला ओळखतोस, उत्तर मिळेपर्यंत मला झोप नाही. तू गप्प राहिलास ते, चूक माझी होती हे कळलं तर मी पुन्हा कधी आरी हातात धरणार नाही या भीतीनं? की तुला जायचंच होतं आणि माझ्या संशयानं दार उघडून दिलं म्हणून? दोन्हींपैकी जे खरं असेल तेच लिही. मऊ सूर लावू नकोस, मला आता तो ओळखता येतो.

नऊ वर्षं नव्हते, पण आज पुन्हा लिहून बघते,
तुझीच,
जेनीव्ह