देवाच्या वेलीची पानं

९ सप्टेंबर २०२५
अलिबागच्या प्रयोगशाळेतून रचना मॅडमचा फोन. आमच्या दिवेआगरच्या वाडीतल्या विड्याच्या पानांचा अर्क घालून त्यांनी स्टार्चची पारदर्शक फिल्म केली होती. तिच्याभोवती जंतू वाढलेच नाहीत! वाटलं होतं त्याच्या दुप्पट रुंद स्वच्छ कडं. आता कागद मुंबईला – रुग्णांच्या जखमांवर लावून बघायची परवानगी मागायला.
आई अंथरुणाला खिळून पाठीला झालेल्या जखमांनीच गेली. गजाननाला हात जोडले, दुसरं काही सुचलं नाही.

१० सप्टेंबर
पोफळींवर औषध मारणारा धर्माजी आला होता. वेलींकडे बघून हसला – "मोरू, तुझी पानं नीळकंठ झाली रं."
पानांवर मोरचुदाचे निळे शिंतोडे.
मॅडमनी जूनमध्येच विचारलं होतं, वेलींवर फवारणी करता का. मी नाही म्हटलं. करतच नाही. पण वेल चढते पोफळीवर, आणि पोफळीवर मारलेलं खाली ठिबकणारच. मोरचूद म्हणजे तांबं. मग जंतू मारले कुणी – पानानं की तांब्यानं?
दुपारपर्यंत वाडीतलं काम करत राहिलो. कुणाला कळलं नसतं, हेही मनात येऊन गेलं. मग कुणाच्या तरी आईची पाठ डोळ्यांपुढे आली. फोन केला.
मॅडम कागद थांबवते म्हणाल्या. मग विचारलं, "काका, औषध न पडलेली एक तरी वेल असेल का?"
आहे. एकच.

११ सप्टेंबर
वादळातून वाचलेल्या जुन्या पोफळीवरची देवाची वेल. त्या झाडावर औषध नाही, त्या वेलीचं पान पूजेशिवाय तोडायचं नाही – आईचा नेम.
कल्पिता म्हणाली, "देवाचं पान मिक्सरात घालणार? बायकोला इचारलं न्हाय ते न्हाय, देवाला तरी इचारलंत?"
विचारलं होतं. वेलीला नमस्कार करून दोनशे पानं खुडली. वेल उघडी पडली.

१४ सप्टेंबर
कल्पिता बोलत नाही. चहा मात्र वेळेवर.

२ ऑक्टोबर, दसरा
काल अलिबागला जाऊन डोळ्यांनी बघितलं. कडं आलं! पहिल्याहून अरुंद, पण पानाचं स्वतःचं. नुसत्या स्टार्चच्या फिल्मभोवती काही नाही. अर्कात तांबं नाही, तेही तपासलं. मॅडमनी तीनदा मोजलं आणि चौथ्यांदा मला मोजायला लावलं! आकडा तोच.
कागद मुंबईला गेले. "पानं कुठली" या रकान्यात मॅडमनी लिहिलंय – देवाची वेल, दिवेआगर.
फिल्मचा एक कोरा तुकडा मला दिला. हिरवट, आरपार दिसणारा. एसटीत सगळा रस्ता खिशावर हात.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
देवाच्या वेलीवरची नवी पानं अजून कोवळी, बाकीच्या वेलींवर मोरचूद. बाजारातून विडा आणायला चप्पल घातली, तर कल्पितानं थांबवलं. कपाटातून तो तुकडा काढला, पाटावर ठेवला, वर सुपारी मांडली.
"देवाचंच पान हाय," म्हणाली.