हाकाताला जाऊन आल्यावर

पिस्कॅटवे, न्यू जर्सी
बुधवार, १९ नोव्हेंबर १९८६

प्रिय सुचित्रा,

बाबांच्या घशाचं ऑपरेशन येत्या मंगळवारी, पंचवीस तारखेला ठरलं आहे. काल संध्याकाळी डॉक्टर फेल्डमननी स्वतः फोन करून मला तसं सांगितलं. गाठ स्वरयंत्रावर आहे आणि कॅन्सरची आहे. या महिन्यात केलेल्या बायोप्सीचा रिपोर्ट त्यांनी आणखी एका डॉक्टरला दाखवला, त्यांचंही तेच मत पडलं. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. ऑपरेशन नीट पार पडलं तर जिवाचा धोका टळेल असं ते म्हणाले, आणि नीट पार पडेल असं त्यांना वाटतंय. आवाज मात्र राहणार नाही. हे सगळं मी सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण मराठी वाचायला तुला वेळ लागतो, आणि मुद्दा शोधत तू चार पानं चाळत बसावीस असं मला नको आहे. जरा खाली बस, ग्रेगला सांग, आणि मग पुढचं सावकाश वाच.

फोन का केला नाही, हा तुझा पहिला प्रश्न असेल. एक फोन स्वयंपाकघरात, दुसरा बेडरूममध्ये, आणि बाबा रजेवर, दिवसभर घरात. मी नंबर फिरवला की ते दारात येऊन उभे राहतात. सुचीला आत्ता काही सांगायचं नाही, असं त्यांनी मला बजावलंय. ती पुढच्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगला येतेच आहे, तेव्हा बघेलच, उगाच आधीपासून रडारड कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी तेव्हा मान हलवली. आज मी लायब्ररीत बसून हे लिहितेय. ओक ट्री रोडला कणीक आणायला जाते असं सांगून निघालेय, आणि कणीक आणणारही आहे, म्हणजे अगदीच खोटं नको.

दिवाळीत तू मला विचारलंस, बाबा माझ्यावर चिडलेत का. कधीही फोन केला तरी ते शॉवरमध्ये असतात, नाहीतर गराजमध्ये, नाहीतर मंडळाच्या मीटिंगला. आई, हाऊ मेनी शॉवर्स, असं म्हणून तू हसलीस, पण तुझं ते हसणं काही खरं नव्हतं. ते चिडलेले नाहीत ग. उन्हाळ्यापासून त्यांचा आवाज थोडाथोडा जात होता. आधी वाटलं, सर्दी असेल. मग वाटलं, गणपतीत मंडळाच्या माइकवरून तीन दिवस ओरडून घसा बसलाय. श्रीरंगकाका म्हणाले, एकनाथराव, आता रिटायर व्हा, आम्हालाही माइक धरू द्या. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. फोनवर दोन शब्द ऐकूनच तुला कळलं असतं, म्हणून ते फोनवर येत नव्हते. मलाही हे उशिराच समजलं. माझा भाऊ बोटीनं वर्तमानपत्रांचे गठ्ठे पाठवतो, ते मी पोळ्या करत असताना बाबा मोठ्यानं वाचून दाखवायचे, आठवतं ना? दोन महिन्यांपूर्वीची बातमी, आणि वर त्यांची शेरेबाजी. यंदा ऑगस्टपासून गठ्ठे दोरीसकट पडून आहेत. डोळे दुखतात, म्हणाले. मी चष्म्याच्या डॉक्टरची अपॉइंटमेंटसुद्धा घेतली होती.

जपानचे तू नुसते फोटो पाहिलेस. तिकडचं मी तुला काहीच सांगितलं नाही, ते आता सांगायला हवं. त्यांच्या कंपनीचे पंप फुकुओका गावात बसवलेत. समुद्रकाठचं मोठं शहर आहे, स्टेशनला मात्र हाकाता म्हणतात. पंपांची तक्रार आली म्हणून ऑक्टोबरमध्ये कंपनीनं त्यांना आठवड्यासाठी पाठवलं, आणि त्यांनी मला न विचारता माझंही तिकीट काढलं. इथं आल्यापासून आपल्या सगळ्या सुट्ट्या नागपूर आणि पुण्यातच गेल्या. कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण. एकदा तरी तुला दुसरीकडे कुठे नेईन, असं ते दर वर्षी म्हणायचे. मी काही जपान मागितलं नव्हतं. मी काहीच मागितलं नव्हतं.

आठवडाभर आभाळ भरलेलं होतं. पाऊस जोरात पडत नव्हता आणि थांबतही नव्हता. बाबा सकाळी कामावर जायचे, आणि मी बंदरावरच्या बाकावर बसून बेटांवर जाणाऱ्या बोटी बघायची. पाणी राखाडी, आकाश राखाडी, बोटीही तशाच. बोलायला कोणी नाही. एकदा शेजारी बसलेल्या म्हातारीनं मला एक संत्रं सोलून दिलं. आम्ही दोघींनी ते खाल्लं आणि दोघी पुन्हा पाण्याकडे बघत बसलो. इतकं शांत मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं, आणि इतकं उदासही. कारण तेव्हा कळलं नाही.

संध्याकाळी नदीकाठी हातगाड्या लागतात. कापडी पडदे, आत एक बाकडं, सात-आठ माणसं खांद्याला खांदा लावून बसतात. ते गाव नूडल्ससाठी प्रसिद्ध आहे. ऑफिसातून सुटलेला माणूस घरी जायच्या आधी एक वाडगा खातोच. बाबांबरोबर काम करणाऱ्या मोरितांनी आम्हाला पहिल्या दिवशी तिथं नेलं आणि गाडीवाल्याला समजावलं की या बाईंना मांस चालत नाही. त्यानं मान डोलावली, माझ्या वाडग्यातले मांसाचे काप चॉपस्टिक्सनं एकेक करून बाजूला काढले, आणि अदबीनं वाकून वाडगा पुढे ठेवला. रस्सा दुधासारखा पांढरा. त्याच दिवशी दुपारी मोरितांनी आम्हाला टोफू खाऊ घातला होता आणि सोयाबीनचं दूध कसं काढतात ते सांगितलं होतं. मी ठरवून टाकलं, हे तेच दूध. वास जरा उग्र होता, तो मी नदीच्या नावावर टाकला. सुची, मी तो वाडगा चाटूनपुसून संपवला. तिथं अशी पद्धत आहे की नूडल्स संपल्या आणि रस्सा उरला, तर नुसत्या नूडल्स आणखी मागायच्या, उरलेल्या आमटीवर आपण पुन्हा भात घेतो तशा. मी त्याही मागितल्या. बाबा माझ्याकडे बघत राहिले.

आणि तिथं सगळे भुरके मारून खातात. टाय लावलेले साहेबलोक, पर्स मांडीवर घेतलेल्या बायका, सगळ्या बाकड्यावरून तोच आवाज. बाबांनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, आणि मग असा एक भुरका मारला की मोरितांनी टाळी वाजवली. तुझ्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळपासून मी तो आवाज ऐकला नव्हता. त्या जेवणात ग्रेगचे आईवडील समोर बसले होते, सूप आलं, आणि तू बाबांच्या कानाशी वाकून हळूच म्हणालीस, बाबा, प्लीज, नॉट हिअर. कुठल्याही मुलीनं तेच म्हटलं असतं, आणि बाबाही तसंच म्हणतात. पण तेव्हापासून तुझ्या घरी ते सूप घेत नाहीत, चहासुद्धा घेत नाहीत, ज्यूस मागतात. हे तुझ्या लक्षात आलंय की नाही, मला माहीत नाही. तर हाकाताच्या त्या बाकड्यावर त्यांनी दुसरा भुरका मारला, तिसरा मारला, आणि एकदम थांबून हात गळ्यावर ठेवला. मी विचारलं, काय झालं? गरम आहे, म्हणाले. मीही तेच समजले.

तो रस्सा डुकराच्या हाडांचा असतो. दिवसदिवस उकळून तो पांढरा होतो. मोरितांनी दुसऱ्याच दिवशी बाबांना हे सांगितलं होतं. गाडीवाल्याला वाटलं, बाईंना मांस नको, म्हणजे काप काढले की झालं. आणि त्यानंतरही आम्ही रोज संध्याकाळी तिथं गेलो, माझ्याच आग्रहावरून, आणि बाबा मुकाट्यानं माझ्याशेजारी बसून राहिले. परतीच्या विमानात मी म्हटलं, ओक ट्री रोडला सोयाबीनचं दूध मिळतं का बघू, मंडळाच्या बायकांना एकदा हे करून घालते. तेव्हा त्यांना राहवलं नाही. सांगून टाकलं. अँकरेजला विमान तेल भरायला उतरेपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि घरी आल्यावर आणखी दोन दिवस. इतक्या वर्षांत कधी अंडं तोंडात घातलं नाही मी. तू किती दिवसांनी इतकं आवडीनं जेवत होतीस, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. आणि वर, म्हटलं नंतर सांगू. तू हसशील हे वाचून. नाही, आज कदाचित हसणार नाहीस. मी स्वतः मागच्या आठवड्यात या गोष्टीवर हसायला लागले होते, नीलावहिनींना फोनवर सांगितलीसुद्धा.

काल फेल्डमन डॉक्टर बोलण्याच्या ओघात म्हणाले, सप्टेंबरमध्येच मी मिस्टर गोखल्यांना बायोप्सी करून घ्या म्हणून सांगितलं होतं. मला हे माहीत आहे असं धरून चालले होते ते. मी फोन ठेवला आणि गराजमध्ये गेले. बाबा जुने डबे लावत होते. मी विचारलं, सप्टेंबरपासून? त्यांनी हातातला डबा फळीवर ठेवला. मग त्या घासलेल्या आवाजात म्हणाले, तिकिटं काढली होती. म्हटलं, रद्द करता आली असती. म्हणाले, मग तू कधी आली असतीस? आणि मग तेच, नंतर सांगणार होतो.

मी त्यांच्याशी भांडू शकले नाही. ज्याला उत्तर देतानासुद्धा दम लागतो, त्याच्याशी काय भांडणार? आज सकाळी त्यांच्या आंघोळीच्या पाच मिनिटांत मी डॉक्टरांना पुन्हा फोन केला आणि सरळ विचारलं, तो महिना-दीड महिना वाया गेला नसता तर आवाज वाचला असता का? ते म्हणाले, तेव्हा आधी रेडिएशन देऊन पाहिलं असतं, उपयोग झाला असता किंवा नसताही. त्या दोन शक्यतांच्या मध्ये आता मला उरलेलं आयुष्य काढायचं आहे. मी हे विचारलं, ते बाबांना कळू देऊ नकोस. माझ्या पोटात राहू दे.

मग दुपारी आम्ही फॉर्म भरायला हॉस्पिटलात गेलो, तिथं नर्सनं मला चित्र दाखवून समजावलं. गळ्याला पुढून एक भोक राहील, श्वास तिथूनच जाईल. नाकातोंडाशी त्याचा संबंध उरणार नाही. फोडणी जळली तरी वास येणार नाही. चहा गरम असला तर फुंकर घालता येणार नाही. जेवायला हळूहळू सगळं येईल, पण भुरका मारता येणार नाही. भुरक्यालाही श्वासच लागतो, हे इतकी वर्षं ऐकूनही माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. काही महिन्यांनी गळ्याला लावायचं एक यंत्र मिळतं, त्यातून बोलता येतं म्हणे, पण ते यंत्राचं बोलणं असतं. बाबांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि फॉर्मवर सही केली.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. बाबांच्या हिशेबानं तू गुरुवारी येशील आणि त्यांना हॉस्पिटलात बघशील, तोवर सगळं झालेलं असेल. ते तुझ्या काळजीपोटीच असं करताहेत, त्यांचं सगळं काळजीपोटीच असतं. पण मला दोनदा नंतर कळलं, तसं तुला कळू नये. गुरुवारी तुझे बाबा तुला भेटतील, पण बोलणार नाहीत, त्यानंतर कधीच नाहीत. म्हणून तू शनिवारी ये. हे पत्र एक्स्प्रेसनं टाकतेय, शुक्रवारपर्यंत मिळेल. ऑफिसमधलं काय ते कॅन्सल कर, ग्रेगला ड्राइव्ह करू दे, तू करू नकोस. फोन करून येऊ नकोस, नुसती ये. माझं नाव सांगायला हरकत नाही. सोमवारी दुपारी त्यांना ॲडमिट व्हायचंय आणि मंगळवारी सकाळी पहिला नंबर त्यांचाच आहे, म्हणजे शनिवार संध्याकाळ आणि अख्खा रविवार तुझ्या हातात आहे. दार बहुतेक तेच उघडतील. आधी माझ्यावर रागावतील, तो राग मी निमूट ऐकून घेणार आहे. मग तुझ्याशी बोलायला बसतील. तो आवाज ऐकून दचकू नकोस, आणि खुर्ची अगदी त्यांच्या जवळ ओढून घे, लांबून शब्द कळत नाहीत.

शनिवारी खिडकीत उभी असलेली,
तुझी आई