सातपैकी सहा

१४ ऑक्टोबर
माफी. ऑगस्टपासून एक ओळ लिहिली नाही. आळस, दुसरं काही नाही. (हेही पूर्ण खरं नाही. भीती.) कॉलेज यंदा एक खेळ बंद करणार अशी कुजबूज आहे. पोहण्याचा नंबर लागणार, असं सगळे म्हणतात. मला नाही वाटत. आमची क्रीडासंचालक डार्लीन न्यायी बाई आहे.
संकल्प: पूलच्या बंद पडलेल्या हीटरबद्दल तिच्याशी ठणकावून बोलायचं.

१७ ऑक्टोबर
बोललो. ठणकावून नाही, पण बोललो. ती म्हणाली, वेंडेल, तुझा समजूतदारपणा मला फार आवडतो. हीटर पुढच्या वर्षी.
फुटबॉलवाल्यांना मात्र सरावानंतर बसायला गार पाण्याचा नवा हौद मिळाला. आमचा कॅप्टन टोबिन म्हणाला, कोच, उगाच खर्च केला, इकडेच पाठवायचं की त्यांना! पोरं खिदळली. मीही. मी हसायला नको होतं.

२ नोव्हेंबर
सगळ्या कोचना प्रश्नावली आली आहे. खेळांमधलं पैशाचं, जागेचं, वेळेचं वाटप न्याय्य वाटतं का? एक (मुळीच नाही) ते सात (पूर्णपणे) गुण द्या. नाव लिहायचं नाही. फक्त खेळ, आणि नोकरीची वर्षं.
पोहण्याचा कोच मी एकटा. एकोणीस वर्षं.

३ नोव्हेंबर
एक लिहिला. खोडला. नीट विचार केला. फुटबॉलला गाव लोटतं, आमच्या शर्यतींना आया येतात. गर्दीप्रमाणे वाटा, हाही न्यायच. गरजेप्रमाणे वाटा, तोही. खरा कोणता, हे ठरवणारा मी कोण?
सहा दिले. सात खोटे झाले असते.
लोरेन म्हणाली, घाबरलास. म्हटलं, बाई, हे धोरण आहे. कुरकुर न करणाऱ्याला कोण कापतं? त्यालाच कापणं सोपं, म्हणाली. बायकोला कॉलेजचं राजकारण कळत नाही.

१५ नोव्हेंबर
पहिल्या वर्षाच्या दोघांना इंडियानातल्या कॉलेजचं बोलावणं आहे. विचारत होते, कोच, जाऊ का? म्हटलं, थांबा, माझा शब्द. त्यांनी तिकडे नकार कळवला.
शब्द कशाच्या जोरावर दिला? सहाच्या.

२९ नोव्हेंबर
डार्लीनने बोलावलं. स्वतः कॉफी ओतली. पोहणं मार्चपासून बंद.
हा अन्याय आहे, म्हणालो. आवाज चिरकला. तिला खरोखर आश्चर्य वाटलं. म्हणाली, अरे, सगळ्यांत समाधानी तूच! सहा दिलेस. बाकी कुणी चारच्या वर गेलं नाही.
म्हटलं, कागदावर नाव नव्हतं. म्हणाली, आपल्याकडे पोहण्याचा दुसरा कोच आहे का रे?
फुटबॉलच्या प्रुइटने किती दिले, विचारलं.
एक. फार दुखावलाय बिचारा, म्हणाली. त्याच्यासाठी काहीतरी करायलाच हवं.
मी मान डोलावली. का डोलावली?
निघताना म्हणाली, पोरांना तू सांगशील ना? तुझं ऐकतात ती. हो म्हटलं.

उद्या: पहाटे सहा, पोरं पाण्यात उतरायच्या आधी सांगणे.