लंबू डॉक्टरचे अंगठे

४ ऑगस्ट, मंगळवार
लंबू डॉक्टरने आज पुन्हा अंगठे सोडले. तळवे घासले, बोटांच्या फटी घासल्या, झालं. नळावरच्या चित्रात अंगठा वेगळा धुवून दाखवला आहे. मी चौथी शिकलेला, पण चित्र तर कळतं! आणि त्याच हातांनी हिच्या मांडीचे टाके बघितले. मोडलेलं हाड छान बसवलं, ते खरं. पण साथ गावभर पसरली आहे आणि हिला आधीच दमा. हॉस्पिटलातून ही रोग न घेता घरी यावी. मला दुसरं काही नको.

५ ऑगस्ट
वॉर्डात सोबतीला एकच माणूस चालतो, म्हणून मी. दाराशी सिस्टर रोज विचारते, "ताप? खोकला? वास येतो का नीट, आजोबा?" वास गेला की रोग शिरला समजायचं म्हणे. मी म्हटलं, "तुमच्या फिनेलचा येतो, तेवढा पुरे." ती हसली. म्हणजे हसली असावी. मास्कमागे कोण काय करतं, कुणाला ठाऊक.

६ ऑगस्ट
जिन्याखाली दोन डॉक्टर चहा पीत होते. मास्क हनुवटीवर. त्यातला एक लंबू. मला बघताच मास्क वर. मनात पाप नसेल तर एवढी घाई कशाला?
हिला सांगितलं. हिला ऐकू कमी येतं, ओठ बघून समजतं. मास्कवाल्यांच्या बोलण्यातलं एक अक्षर कळत नाही, नुसती मान हलवते. म्हणून मी माझा खाली ओढतो, जवळ वाकतो आणि मग बोलतो. सगळं ऐकून म्हणाली, "तुम्ही मला भेटायला येता की डॉक्टरांवर पाळत ठेवायला?"

८ ऑगस्ट
आज तोंडावर विचारलं. "साहेब, अंगठे?"
चिडेल वाटलं होतं. पण नळावर परत गेला, अंगठे धुतले आणि दोन्ही वर करून दाखवले. "बरोबर, आजोबा? आता तुमचा मास्क."
"तिला ऐकू येत नाही हो."
"मग लिहून दाखवा."
हिला वाचता कुठे येतं? ते मी सांगितलं नाही. चारचौघांत कशाला. पण पठ्ठ्याने माझी तक्रार माझ्यावरच उलटवली. हुशार आहे.

९ ऑगस्ट
रविवारचा डॉक्टर दुसरा. हातमोजे घातलेल्या हाताने फोन उचलला. नंतर मोजे बदलले की नाही, पाठ आड आली.

१० ऑगस्ट
परवा घरी सोडणार! लंबूनेच सांगितलं. हिला कळेना, म्हणून मी मास्क काढून सांगितलं. दोनदा सांगितलं, कारण तिला पुन्हा ऐकायचं होतं. हात थरथरतो तिचा, म्हणून चहा बशीत ओतून, फुंकर घालून पाजला. म्हणाली, "सरका तिकडे, त्या गुडघ्याच्या बामचा वास येतो." सरकलो नाही.

११ ऑगस्ट
दुकानदाराने भेसळीचा बाम दिला. वासच नाही. जुनी बाटली शोधली, तिलाही नाही. कांदा चिरला. डोळ्यांत पाणी आलं, वास नाही. मग फिनेल नाकाशी धरलं.
काल चहाला फुंकर मी घातली होती.