बेशुद्ध पडणाऱ्या बाईची कादंबरी

चि. पल्लवीस,

वसमतहून पद्मामामीचा सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद. तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत ते कळव. तुझ्या सोनाजीमामांचं डोळ्याचं ऑपरेशन बराबर झालं, पण डॉक्टरांनी महिनाभर वाचायचं बंद केलं, त्यामुळे तकलीफ झाली ती माझ्या घशाला.

तू धाडलेली जुनी विलायती कादंबरी मी त्यांना रोज दुपारी वाचून दाखवली. (भाषांतर करणाऱ्याला दोष देत नाही, तो बिचारा काय करील.) नायिका अकरा वेळा बेशुद्ध पडते. माझ्या शाळेतली पोरगी दोनदा पडली असती तरी मी तिला रक्त तपासायला पाठवलं असतं. जिथं जाऊ नको म्हणून सांगितलंय, नेमकी तिथंच ही मेणबत्ती घेऊन जाते. वादळ प्रत्येक प्रकरणाला हजर. (त्यातल्या चार प्रकरणांत आपलं सिद्धेश्वर धरण भरलं असतं.) दोनशे पानं भुताची भीती घातली, आणि निघाला कोण, तर चादर पांघरलेला आचारी. मी पुस्तक आपटलं. मामा म्हणाले, पुढं वाच.

पुढं तो सरदार, लेक त्याच्या मनाविरुद्ध लग्न ठरवते म्हणून, तिला बुरुजात कोंडतो आणि तिचं नाव घ्यायचं नाही असं चाकरांना बजावतो. तिथं मी थांबले. आमच्या लेकीनं, निलमनं, अदनानशी रजिस्टर लग्न केल्याला चार वर्षं झाली, आणि या घरात मामांनी तोच हुकूम काढलेला. फक्त बुरूज नाही.

"काहून थांबली?" मामा म्हणाले.

घसा बसला, म्हटलं. ते काळ्या चष्म्याखालून गाल पुसत होते. (डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लागू देऊ नका म्हटलं होतं.) मग हळूच म्हणाले, "तो बाप दार उघडतो का न्हाई?"

उघडत नाही गं. बुरूज कोसळतो, दोघं मरतात. पण पस्तीस वर्षं मास्तरकी केलेली बाई मी. पुस्तकावर नजर ठेवून, सरदार स्वतः पायऱ्या चढून कडी काढतो, असं खणखणीत वाचलं. मामा खाटेवर उठून बसले. नंतर म्हणाले, "निलमचा नंबर कोणाकडं असंल?"

कादंबरी भिकार आहे, हे माझं मत कायम आहे.

तुझी,
पद्मामामी

ता. क. : शेवटची नऊ पानं मी फाडली आहेत. मामांनी विचारलं तर पुस्तक तसंच मिळालं होतं म्हण.

आणखी एक : निलमचा नंबर तूच त्यांना फोन करून दे. तिच्याशी माझं दर रविवारी बोलणं होतं, हे त्यांना सांगू नको.